मदत हवी आहे: कॉन्टेसाचा मागचा रेशो 3.9 ठेवू, 4.3 करू की उलट 3.7?

मंडळी, रेशोतले जाणकार असतील त्यांनी जरा डोकं घाला. मागचा रेशो म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा. गाडी हिंदुस्तान मोटर्सची जुनी कॉन्टेसा, इसुझूचं 1817 सीसी पेट्रोल इंजिन, पाच गिअर. असते कुडाळला आणि पळते कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर. ट्रेलर-बिलर काही नाही हां, स्वतःच्या चाकांवर जाते, आंबोली घाट चढून बेळगाव आणि तिथून पुढे हायवेने, त्यामुळे नुसतं ट्रॅकपुरतं बघून भागत नाही.

मागचं हाऊसिंग आधीच्या मालकाने कुठून आणून बसवलंय देवाक काळजी, पण डिफ (डिफरेन्शियल, मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच) उतरवून दात मोजले तर क्राऊनला (मोठ्या चक्राला) 43 आणि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्याला) 11, म्हणजे 3.909. टायर 185/60 आर 14, परीघ साधारण 1.815 मीटर. इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांच्या (रेव्हच्या) वर मी नेत नाही. तिसरा गिअर ढोबळ 1.4 आणि चौथा डायरेक्ट (म्हणजे 1) धरला की तिसऱ्यात 119 आणि चौथ्यात 167 चा स्पीड येतो. आता ट्रॅक जेमतेम 2.1 किमीचा, सगळ्यात लांब स्ट्रेटच्या शेवटी माझी गाडी कशीबशी 125 ला पोचते, म्हणजे होतं काय, तिसरा 119 ला संपतो, चौथा टाकला की रेव्ह धपकन 4300 वर येतात, गाडी जरा कुठे ओढायला लागते तोवर ब्रेकवर पाय ठेवायची वेळ.

एमआयडीसीतले आमचे मेस्त्री म्हणतात, "4.3 घाल रे, गाडी उडतली बघ!" बरोबर आहे त्यांचं, चाकावर 10 टक्के जास्त जोर मिळेल, आंबोलीत पण मजा येईल. पण मग तिसरा 109 लाच संपणार, चौथा अजून आधी टाकावा लागणार. आणि हायवेला शंभरने जाताना पाचव्यात (0.85 धरलाय) आत्ता रेव्ह 3050 च्या आसपास असतात ते 3350 होणार, दिवसभर ती घरघर कोण ऐकणार?

म्हणून मला उलटंच वाटायला लागलंय. 3.7 घातला तर तिसराच 126 पर्यंत जातो, चौथ्याची गरजच नाही! जोर साधारण 5 टक्के कमी होईल पण एक शिफ्ट वाचते, हायवेला पण आराम. मित्रांना सांगितलं तर हसतात, म्हणे ट्रॅकच्या गाडीला कोणी लांब (कमी आकड्याचा) रेशो घालतं का. मला यात काही चुकीचं दिसत नाहीये, तुम्हाला दिसतंय का? आणि क्राऊन पिनियन जोडीनेच घ्यायचं हे माहिती आहे, पण कुर्ल्याच्या भंगारातून आणलेली जोडी आवाज न करता बसेल का? ही गाडी बंद होऊन वीसेक वर्षं झाली, नवीन जोडी कुठे मिळणार.

प्रतिसाद:
दादा, हिशोब चोख आहे, पण सगळा स्ट्रेटचा आहे. हळू कॉर्नरमधून बाहेर पडताना तुम्ही कुठल्या गिअरमध्ये असता? साठच्या स्पीडला तिसऱ्यात रेव्ह आत्ताच 3000 च आहेत, 3.7 ने अजून खाली जातील, तिथे दुसरा टाकावा लागला तर वाचवलेली शिफ्ट तिकडे गेली. डिफ उघडायच्या आधी कोणाकडून तरी 195/65 आर 14 चे टायर मागून आणा. व्यास 578 चा 609 मिमी होतो, म्हणजे तुमचाच 3.909 चालवायला 3.7 सारखा लागेल. फेंडरला घासत नाहीत ना तेवढं बघा. ट्रॅकवर लॅप टाइम घ्या मग ठरवा.
जुन्या जोडीचं म्हणाल तर दात चांगले असले तरी शिम (पातळ चकत्या) लावून पिनियनची खोली आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) नीट जुळवणारा माणूस पाहिजे, दातांना मार्किंगचा रंग लावून ते एकमेकांना कुठे टेकतात तो ठसा दाखवायला सांगा. जो म्हणेल "काय गरज नाय", त्याच्याकडे डिफ ठेवूच नका.

धागाकर्ता:
टायरचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद भाऊ! हळू कॉर्नर दोन आहेत जिथे मी तिसऱ्यातच राहतो आणि गाडी तिथे आत्ताच रडते, तेव्हा तुमची शंका खरी ठरेल असं दिसतंय. सिंधुदुर्गात किंवा बेळगावात कोणाकडे 195/65 आर 14 चे चार टायर पडून असतील तर सांगा, आणि शिमचं काम करणारे मेस्त्री कोणाच्या माहितीत असतील तर व्यनि करा.