रामटेक: अंबाळ्याकडून पायऱ्यांनी गडावर – गाडी कुठे ठेवायची, आधी काय पाहायचं?

काटोलकर

नागपूरजवळच्या रामटेकला गाडी थेट वर गडावरच्या राममंदिरापाशी नेऊन, दर्शन घेऊन तासाभरात परत, असं या वेळी करायचं नाही. अंबाळा तलावापासून जुन्या पायऱ्यांनी चढायचं आणि वाटेतली जुनी देवळं बघत गडावर पोचायचं, असा बेत आहे. सहा जण आहोत. त्यात दोघं पासष्टीच्या पुढचे (एकीचा गुडघा दुखरा) आणि एक नऊ वर्षांचा मुलगा. नोव्हेंबर अखेरचा रविवार धरलाय, गाडी घरचीच.

गाडी अंबाळ्यावर ठेवली तर पुन्हा तिथंच उतरावं लागेल ना? गुडघेवालीला चढवावं की नाही? आणि वाटेत नेमकं काय काय लागतं, कोणत्या क्रमानं? नेटवर सगळे फोटो गडाचेच आहेत.

मनसर_नाका

गाडी अंबाळ्यावर ठेवूच नका, घोळ तिथंच होतो. चालक सगळ्यांना तलावापाशी उतरवेल आणि गाडी घेऊन डांबरी रस्त्यानं वरच्या पार्किंगला जाईल. चढणारे पायऱ्यांनी वर येतील, उतरताना सगळे गाडीत. पायऱ्या फक्त चढायच्या, उतरायच्या नाहीत.

गुडघ्याचं गणितही यानंच सुटतं. चढताना दम लागतो, पण दोन मिनिटं बसलं की जातो. उतरताना मात्र अंगाचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो आणि मांडीला प्रत्येक पायरीवर ब्रेक लावावा लागतो. इथल्या दगडी पायऱ्यांची उंची सारखी नाही, त्यामुळे तो ब्रेक कमीजास्त लागतो आणि गुडघा रात्री ठणकायला लागतो. दुखणं हलकं असेल तर काठी घेऊन चढू द्या. सूज असेल तर त्यांना गाडीतच वर पाठवा. पार्किंगपासूनही गडाला थोड्या पायऱ्या आहेतच, तेवढ्या पुरेत.

टेकडी घोड्याच्या नालेसारखी आहे. नालेच्या आत खोलगट भागात अंबाळा, आणि पश्चिमेच्या टोकावर गड. म्हणजे तुम्ही पूर्वेकडून चढणार आणि सकाळचं ऊन पाठीवर येणार. नोव्हेंबरात ते हवंहवंसं असतं. सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. सातला तलावावर पोचा, अर्धा तास घाट बघा, साडेसातला चढायला लागा. चढ दीडशे मीटरच्या आसपास आहे. मुलगा आणि म्हातारी माणसं धरून, थांबत थांबत, पाऊण ते एक तास. देवळांचा वेळ वेगळा.

तलावाभोवती लहान लहान देवळं आणि घाट आहेत. लोक अस्थी विसर्जनाला आणि पिंडदानाला इथं येतात, तेव्हा कुठं विधी चालू असेल तर कॅमेरा खाली ठेवा. पाण्यालगतच्या दोनतीन पायऱ्यांवर शेवाळ असतं. ते हिरवं दिसत नाही, काळपट दिसतं, म्हणून फसगत होते. मुलाला कोरड्या पायरीवरच थांबवा.

पाषाणखूण

वरच्या माहितीत एक जोड देतो. बहुतेक लोक दम लागलेला असताना नरसिंहाची देवळं ओलांडून जातात, ‘येताना पाहू’ म्हणतात, आणि परत गाडीनं उतरतात. तुमचा तर उतरायचा रस्ताच वेगळा आहे. तेव्हा चढतानाच पाहा.

पायऱ्या संपत आल्या की गडाच्या दरवाजाआधी ही दोन देवळं लागतात: केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. बाहेरून पाहिलं तर शिखर नाही, सपाट छत, साधा चौकोनी गाभारा, त्यामुळे धर्मशाळेची खोली वाटून माणूस पुढे जातो. आत तांबूस दगडाची भली मोठी बसलेली मूर्ती आहे. एक गुडघा उभा, त्यावर टेकलेला हात. हिरण्यकशिपू नाही, मांडीवर कोणी नाही, म्हणून ‘केवल’. ही वाकाटकांच्या (विदर्भावर राज्य करणारं जुनं राजघराणं) काळची, पाचव्या शतकातली कामं आहेत, म्हणजे वरच्या राममंदिराच्या आजच्या बांधकामाहून कितीतरी शतकं जुनी.

केवल नरसिंहाच्या मंडपाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. चुन्याच्या थरांखाली तो झाकला गेला होता, 1980 नंतर उजेडात आला. समोरून मोबाईलचा टॉर्च मारला तर काहीच दिसत नाही, सगळं सपाट पांढरं होतं. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं धरा. मग अक्षरांच्या कडा सावली टाकतात आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची चिमुकली चौकट दिसते. तिच्यामुळेच या लिपीला पेटिकाशीर्षक ब्राह्मी म्हणतात. लेख झिजलेला, तुटलेला आहे, हात लावू नका आणि मुलालाही लावू देऊ नका.

त्यात प्रभावतीगुप्तेच्या घराण्याचा उल्लेख आहे. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. नवऱ्यामागं मुलं लहान असताना राज्य तिनं चालवलं. तिचा रिद्धपूरचा ताम्रपट (आपल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर) ‘रामगिरीस्वामींच्या पायापासून’ दिलेला आहे. हा रामगिरी म्हणजे हीच टेकडी, असं इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. वर कालिदास स्मारक आहे तेही त्याच धाग्यानं, ‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीवरच होता ना.

पुढं वराह दरवाजा. आत शिरताच खांबांच्या उघड्या मंडपात अख्ख्या दगडातला वराह उभा आहे. पापी माणूस त्याच्या पोटाखालून जाऊ शकत नाही म्हणतात, आणि लोक सरपटत निघतातही. जागा अरुंद आहे. पुण्य-पाप बाजूला ठेवा, पोट आणि पाठ सांभाळा. गुडघेवालीनं तर मुळीच नाही.

गडावरचा_वारा

भाऊ, वांदराचं कोनी सांगितलंच नाई अजून! वर काळ्या तोंडाचे वांदरं लय आहेत. थे तुमच्या तोंडाकडे पाहत नाईत, हाताकडे पाहतात. पन्नीचा (प्लास्टिकच्या पिशवीचा) खर्रखर्र आवाज आला का झाडावरून खाली उतरलेच समजा. प्रसाद, चिवडा, फल्लीदाणे, केळं, सारं चेन लावलेल्या पाठीवरच्या बॅगीत टाका, हाती कायीच नको. पन्नी तं खिशातही ठेवू नका, तिचं टोक बाहेर दिसते.

अन् वांदरानं धरलं तं ओढाताण करू नका, सोडून द्या. ओढाताणीत नखं लागते, अन् मंग दर्शन राह्यते अन् दवाखान्यात इंजेक्शन घ्याले पळा लागते. पोराले सांगून ठेवा का दात दाखवून हासू नको, वांदराले थे भांडण वाटते. काठी नुसती हाती दिसली तरी पुरते, मारायची नाई. मनसरवाल्या भाऊनं काठी गुडघ्यासाठी सांगितली, थे दोन्ही कामाले येते.

कार्तिक पुनवेले मात्र येऊ नका. त्रिपुर पाहाले एवढी गर्दी राह्यते का तुमची गाडी वर चढनारच नाई. यंदा पुनव कवा आहे थे कालनिर्णयात पाहून घ्या.

काटोलकर

मनसर_नाका, गाडीचा उपाय डोक्यातच आला नव्हता, धन्यवाद. पुनव आमच्या रविवारच्या आधी होऊन जाते. दोन शंका उरल्या. गडात शिरल्यावर कुठं वळायचं? आणि पायऱ्यांच्या बाजूला जंगलात थोडं आत जाता येतं का? मुलाला झाडं दाखवायची आहेत.

मनसर_नाका

गडात वळणं नाहीत. वराह दरवाजानंतर सिंगपूर दरवाजा, मग भैरव, मग गोकुळ दरवाजा, एकामागं एक. शेवटच्या आवारात रामाच्या आधी लक्ष्मणाचं देऊळ समोर येतं, लोक तिथंच राम समजून हात जोडतात आणि मागचं चुकतं. चपला काढल्यावर फरशी नोव्हेंबरात गार असते, ज्यांना त्रास होतो त्यांनी मोजे घाला. (हाच मोजा मे महिन्यात चटक्यासाठी लागतो.)

रामझरोख्यावर (गडावरून खाली बघायची उंच जागा) जरूर थांबा. खाली अख्खं रामटेक गाव दिसतं आणि भोवतीचे पानमळेही. नंतर कालिदास स्मारक पार्किंगकडे जाताना करा, ते चढाच्या आधी कुणी करूच शकत नाही. कर्पूर बावडी (जुनी पायऱ्यांची विहीर) मात्र या वाटेवर नाही, पायथ्याला वेगळ्या बाजूला आहे. वेळ उरला तर उतरल्यावर गाडीनं.

पळसफूल

जंगलात आत जाऊ नका, नोव्हेंबर-डिसेंबरात तर नाहीच. या दिवसांत झुडपांवर खाजकुयरीच्या शेंगा पिकतात. शेंग बोटाएवढी, वाकडी, तपकिरी मखमल पांघरल्यासारखी, आणि पोरं नेमकी तीच तोडायला धावतात. ती मखमल म्हणजे बारीक कुसळं असतात, वाऱ्यानंसुद्धा अंगावर येतात. लागली तर चोळू नका आणि लगेच पाणी ओतू नका, चोळलं की कुसळं कातडीत आणखी रुततात. चिकटपट्टी दाबून चर्रकन ओढा, चारपाच वेळा, दर वेळी नवा तुकडा. कुसळं निघाली की मग साबणानं धुवा. कपड्याला लागली असतील तर तो कपडा उलटा करून पन्नीत बांधा, घरी वेगळा धुवा. (पन्नी बॅगेच्या तळाशी, वरच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे.) चिकटपट्टीची छोटी गुंडाळी खिशात असू द्या.

झाडं पायऱ्यांवरूनच पुष्कळ दिसतात: साग, बेल, पळस, सीताफळ. सागाचं कोवळं पान सापडलं तर मुलाला दोन तळव्यांत चुरडायला सांगा, हात कुंकवासारखे लाल होतात. नोव्हेंबरात कोवळं पान शोधावं लागतं, बुडातून फुटलेल्या धुमाऱ्यांवर बघा.

इथं कुणी उन्हाळ्यात जाणार असेल त्यांच्यासाठी: सागाची पानं तोवर गळलेली असतात, सावली नावालाही नसते, आणि पूर्वेकडच्या या पायऱ्या सकाळी आठपासूनच भाजतात. एकतर उजाडायला लागलं की चढा, नाहीतर संध्याकाळी. सूर्य गडामागं गेला की अंबाळ्याच्या बाजूला सावली लवकर येते, पण दगड तापलेलाच असतो. माणशी दीड लिटर पाणी धरा. पावसाळ्यात वाळलेलं सागाचं पान पायरीवर ओलं होऊन चिकटतं आणि त्यावरून टाच सटकते, गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत.

गडावरचा_वारा

अन् एक राह्यलंच. चष्मा लावनाऱ्यांनी वर पोचल्यावर चष्मा डोक्यावर चढवून फोटो काढू नये. वांदराले थे लय आवडते, अन् चष्मा झाडावर गेला का फुटानेवाल्याले इचारा, थो फुटाने टाकून सोडवून देते. फुटान्याचे पैसे तुमचे.