पाकिस्तानातले ख्रिस्ती: दुखणं धर्माचं की जातीचं?

आडवाट:
हा विषय निघाला की गाडी थेट ईशनिंदा कायद्यावर येते. मला मूळ दुखणं जातीचं वाटतं. ईशनिंदेच्या आरोपात अडकलेल्या ख्रिस्ती मजूर आसिया बीबीचं प्रकरण सुरू कुठून झालं? जून २००९, शेखूपुऱ्याकडचं एक गाव, फालसे तोडणाऱ्या बाया. तिने पाणी आणलं, तर सोबतच्या म्हणाल्या, ख्रिस्तीणीने शिवलेलं आम्ही पिणार नाही. तोंडाला तोंड लागलं आणि काही दिवसांत ते ईशनिंदेवर गेलं. पंजाबातल्या बहुतेक ख्रिस्त्यांचे पूर्वज चुहडा या सफाईकाम करणाऱ्या जातीतले. येशू मिळाला, झाडू सुटला नाही. सफाईच्या सरकारी भरतीत 'फक्त बिगरमुस्लिम' असं छापून यायचं!

तिरपागडा:
पाण्याचा विटाळ आपल्याला काय नवा? महाडचं चवदार तळं १९२७चं. पण तिथे भांडण फाशीच्या कलमापर्यंत पोचतं, त्याचं काय? ईशनिंदेचं ते कलम, २९५-सी, आलं १९८६ला, लष्करशहा झियांच्या काळात. आसिया नऊ वर्षांवर आत. २०१८ला सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर २०११च्या जानेवारीत आपल्याच अंगरक्षकाच्या गोळ्यांनी गेले. मारेकऱ्यावर गुलाबपाकळ्या उधळल्या कुणी, तर वकिलांनी. मार्चमध्ये या कायद्याला विरोध करणारे ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टींना मारलं. यात जात कुठे?

म्हापसेकरीण:
आईच्या मावश्या कराचीत, सद्दरला, सेंट पॅट्रिक्सजवळ राहायच्या. एक शाळेत शिकवायची, दुसरी टायपिस्ट. गोवेकरांना तिथे मान होता, पाण्यावरून कुणी अडवलं नाही. कॉर्नेलियस तर १९६० ते ६८ पाकिस्तानचे सरन्यायाधीश होते, तेही ख्रिस्तीच. तरी मावश्यांची पोरं एकेक करून कॅनडाला गेली. ती काही जातीमुळे गेली नाहीत हो.

आडवाट:
जायला पैसा होता, ताई. ऑगस्ट २०२३मध्ये पंजाबातल्या जरांवाल्यात ख्रिस्त्यांची चर्च आणि घरं पेटवली, तेव्हा तिथली माणसं लेकरं घेऊन रात्रभर उसात लपली. त्यांची धाव तेवढीच.

तिरपागडा:
आणि मशाल खान? २०१७, मर्दान. विद्यापीठाच्या आवारात बरोबरच्या पोरांनी ठेचून मारला, ईशनिंदेच्या नुसत्या अफवेवर. तो मुसलमान होता. बसवा त्याला तुमच्या जातीत.

आडवाट:
नाही बसत, मान्य. पण उद्या कलम रद्द केलंत, तर त्या बाया तिच्या हातचं पाणी पितील?

तिरपागडा:
न पिऊदेत. तिला संध्याकाळी घरी तरी जाता येईल.