तिकिटांच्या प्रदर्शनानंतर मित्रमंडळींबरोबर डोंगरावर: कुठे जावं, आणि संग्रह बरोबर न्यावा का?

पार्लेकरीण

जानेवारीत मुंबईत पोस्टाच्या तिकिटांचं प्रदर्शन आहे. माझ्या पाच फ्रेम लागणार आहेत, विषय भारतीय रेल्वे. एका फ्रेममध्ये सोळा पानं, म्हणजे ऐंशी पानं लावायची, जुरीसमोर उभं राहायचं आणि शेवटच्या संध्याकाळी सगळं नीट उतरवून घ्यायचं. ते संपलं की आम्हा चौघांना दोन दिवस डोंगरावर जाऊन राहायचंय.

चौघं म्हणजे कोल्हापूरचे आबा, नागपूरची सुनंदा, वसईचा फ्रान्सिस आणि मी. आमची ओळख प्रदर्शनांतलीच आणि भेटही तिथेच. पण तिथे निवांत बोलणं म्हणून होत नाही. कोणी फ्रेमपाशी थांबलं की समजावून सांगायचं, मध्येच डीलरचा फोन येतो, शाळेची मुलं येतात (ती आलेली मला फार आवडतात), आणि एकमेकांचं काही बघायला घ्यावं तोवर हॉल बंद करायची वेळ होते.

आबांकडे भोर संस्थानची १८७९ सालची तिकिटं आहेत. हाताने ठसा मारलेली, देशी कागदावरची, किरमिजी रंगाची. त्यातलं एक त्यांनी मागे मला हॉलच्या दारात नेऊन उजेडासमोर धरून दाखवलं. कागदातला धागा न् धागा दिसत होता, ठशाची शाई एका कडेला दाट आणि दुसऱ्या कडेला विरळ. फ्रेममध्ये ट्यूबलाइटखाली यातलं काहीही दिसत नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की या माणसाबरोबर एक अख्खी सकाळ दिवसाच्या उजेडात बसायला मिळालं पाहिजे.

तर हवंय असं: मुंबईपासून फार लांब नको. हॉटेल नको, छोटा बंगला किंवा कॉटेज, मोठा व्हरांडा, मोठं टेबल, साधं घरगुती जेवण. शेजारी स्पीकर लावणारे नकोत. आबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ-उतार कमी. आणि मुख्य प्रश्न, प्रदर्शनातली पानं आणि आल्बम तसेच वर न्यावेत का?

कर्जत_लोकल

माथेरान. दुसरा विचारच करू नका. दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाडी जात नाही, त्यामुळे मुंबईकराच्या कानाला जी शांतता लागते ती तिथेच मिळते. जुने बंगले आहेत, व्हरांडे ऐसपैस आणि भोवती दाट झाडी. बाजारापासून जरा आत असलेला बघा.

नेरळपर्यंत कर्जत लोकल, पुढे शेअर टॅक्सीने दस्तुरी. तिथून थोडं चाललं की अमन लॉज स्टेशन, आणि शटल गाडीने माथेरान बाजार. आबांसाठी ई-रिक्षा मिळते का ते बंगलेवाल्याला आधी विचारून ठेवा.

आणि ताई, तुमचा विषय रेल्वे आहे म्हणून मुद्दाम सांगतो. जमलं तर नेरळहूनच छोट्या गाडीने जा. १९०७ सालची लाइन, रूळ जेमतेम दोन फुटांच्या अंतरावर. जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशी स्टेशनं घेत ती सावकाश चढते. आबांनाही बसूनच वर जाता येईल. डबे छोटे, जागा मोजक्या, म्हणून लवकर जाऊन रांगेत उभं राहावं लागतं.

नाशिकची_माई

माथेरान सुंदरच आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे न्यायचं म्हणजे प्रत्येक टप्प्यावर चढणं-उतरणं आलं. लोकल, टॅक्सी, शटल, मग बंगल्यापर्यंत लाल मातीची वाट. त्यापेक्षा भंडारदऱ्याला जा. कसारा घाट चढून इगतपुरीवरून, घोटीपासून आत. गाडी थेट दारात लागते. समोर आर्थर लेक, मागे कळसूबाई. माझ्या वडिलांना आम्ही असंच नेलं होतं. सकाळी खुर्ची पाण्याकडे तोंड करून ठेवली की ते दुपारपर्यंत उठायचे नाहीत. जानेवारीत थंडी चांगलीच पडते, आबांना स्वेटर आणि कानटोपी घ्यायला सांगा.

दादरचा_संग्राहक

जागेचं तुम्ही ठरवा, मी संग्रहाचं बोलतो.

प्रदर्शनाची पानं वर नेऊ नका. पार्ल्याला तुमच्या घरी कपाटात ठेवा, बाकी तिघांचीही. जानेवारीत हवा कोरडी असते, त्यामुळे गोंद चिकटण्याची भीती पावसाळ्याइतकी नाही. पण माथेरानला जाणार असाल तर लाल धुळीचा विचार करा. ती बॅगेच्या चेनमधूनही आत शिरते, आणि पांढऱ्या पानावर एकदा बोट उमटलं की जात नाही. दुसरं म्हणजे माकडं. व्हरांड्यात टेबलावर पिशवी दिसली की ती आधी उचलतात, आत काय आहे ते मग बघतात. त्यात आबांचं भोर असेल तर? कल्पनाही करवत नाही.

प्रत्येकाने एकच छोटं स्टॉकबुक (तिकिटं न चिकटवता पट्ट्यांत खोचून ठेवायची वही) न्यावं. त्यात जे खरोखर एकमेकांना दाखवायचं आहे तेवढंच, बाकी डुप्लिकेट अदलाबदलीला. मिंट, म्हणजे न वापरलेल्या, मागे गोंद असलेल्या तिकिटांच्या मधे ग्लासीनचा गुळगुळीत, पातळ कागद असू द्या. चिमटा आणि भिंग प्रत्येकाचं आपापलं. जेवणाचं टेबल वेगळं, तिकिटांचं वेगळं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, कारण गप्पांत रंगलं की भाकरी-पिठल्याचा हात कधी तिकिटाकडे जाईल कळत नाही. आणि उजेड हवा, ऊन नको. जुने रंग उन्हात उडतात, किरमिजी तर नक्कीच जपायला हवा. व्हरांड्याची उत्तरेकडची बाजू धरा.

आबांची ती तिकिटं मात्र जरूर न्या. पाकिटात घालून, ते पाकीट त्यांच्याच खिशाजवळच्या पिशवीत. ती बघण्यासाठीच तर जाताय.

शिक्का_मोर्तब

माथेरानला गेलात तर पोस्ट ऑफिस चुकवू नका. पिन ४१०१०२. चौघांनी पन्नास पैशांची पोस्टकार्डं बरोबर न्या, वर बसून एकमेकांना लिहा आणि तिथूनच टाका. काउंटरवर गर्दी नसताना गेलात आणि नीट विनंती केलीत की शिक्का स्वच्छ, हलक्या हाताने मारून मिळतो. शाईचा पॅड फार ओला असेल तर आधी कोऱ्या कागदावर एक ठसा मारायला सांगा. रेल्वेच्या संग्रहात माथेरानचा शिक्का, तोही मित्राच्या अक्षरातल्या पत्त्यासह, मला तरी असं पान बघायला फार आवडेल. फक्त रविवारी पोस्ट बंद असतं हे लक्षात ठेवा.

पार्लेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. माईंचं म्हणणं पटलं, म्हणून थेट आबांनाच फोन लावला. दोन्ही ठिकाणं सांगितली. छोटी गाडी म्हटल्यावर ते म्हणाले, "मेधा, गुडघ्यांचं मी बघतो, तू गाडीचं बघ." त्यामुळे माथेरान ठरलं. भंडारदरा सुनंदाने पुढच्या वर्षासाठी आत्ताच लिहून घेतलंय.

रविवारी संध्याकाळी फ्रेम उतरवल्या की पानं माझ्याकडे कपाटात जातील, रात्री सगळे पार्ल्यालाच राहतील आणि सोमवारी सकाळी निघू. शनिवार-रविवारची गर्दीही टळेल आणि पोस्टही उघडं असेल. फ्रान्सिसने तर पोस्टकार्डं आणूनही ठेवली. फोनवर सांगत होता की आबांच्या कार्डावर तो पत्ता मोडीत लिहिणार. मी म्हटलं, बाबा रे, ते कार्ड कोल्हापूरला पोचायला हवं, पत्ता देवनागरीत लिही आणि मजकूर हवा तर मोडीत.

कर्जत_लोकल, एकच विचारायचं राहिलं. छोट्या गाडीत जागा नाहीच मिळाली तर शटलचं तिकीट आधी काढावं लागतं का?

कर्जत_लोकल

नाही, अमन लॉजच्या खिडकीवरच मिळतं, गाडी सुटायच्या आधी. एकाने रांगेत थांबा, आबांना बाकावर बसवा. सोमवारी फार त्रास होऊ नये. आणि त्या भोरच्या तिकिटाचा उजेडातला एक फोटो इथे टाका, आबांची हरकत नसेल तर.