घरातले कोळी: तुमच्याकडे ठेवतात की हाकलतात?

निंबोणी (आर्वीकडची)
काल कुलर बाहेर काढला. दिवाळीपासून कोठ्यात बारदाना पांघरून पडला होता. जुनं गवत ओढलं तर आतून तो मोठा तपकिरी चपटा कोळी निघाला, तंगड्या धरून तळहाताएवढा. पोटाखाली पांढरी गोल चकती घट्ट धरलेली. मी स्टुलावर, गवत अंगणभर, आणि लेक तिथंच उकिडवी बसून बघतेय. "मम्मी, तिच्याजवळ अंडी आहेत, ओरडू नको ना!"

मला एकदम आजीचं घर आठवलं. मातीच्या भिंती, वर कवेलू, सागाच्या बल्ल्या. न्हाणीत लाइट नव्हता. चिमणी घेऊन जायचं आणि कोनाड्याच्या वर असाच एक हमखास बसलेला. अंगावर पाणी कमी, नजर वर जास्त. तक्रार केली की आजी म्हणायची, "थो झुरयं खाते. तू खाशीन का? मंग राहू दे त्याले." जाळं झाडायचं, पण कोळी मारायचा नाही, हा तिचा कायदा. आता स्लॅबचं घर आहे, टाइल्स आहेत, फिनाइल आहे, आणि कोळीही आहेतच. मला अजून भीती वाटते, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

तुमच्याकडे काय चालतं? लिहा सगळ्यांनी.

तिखट ठेचा
आमच्या संडासात एक हाय. माहे मामाजी त्याले पाटील म्हनते. काहून तं जागचा हालत नाही अन् आलेल्या मानसाकडं पाहत राहते. लग्न होऊन आली तवा पयल्याच दिवशी मामाजी बाहेरून म्हनाले, "बाई, पाटील बसले असन तं खाकरून जाजो." मले वाटलं गावचे पाटील बसले आत. मी अर्धा तास उभी.

निंबोणी
😂😂 अर्धा तास!

कुटाराची खोली
फोटो टाका ना त्या कोळ्याचा

सावजी रस्सा
नका टाकू!! जेवून रायलो इथं

रात्रीचं ओलित
आमच्याकडं शेतीची लाइन रात्रीचीच. हरभऱ्याले पाणी द्याले गेलतो, डोक्याले बॅटरी बांधून. धुऱ्यावर उभा राहून पाहतो तं सगळ्या वावरात बारीक बारीक हिरवट ठिपके चमकून रायले. मले वाटलं दव असन. पन दव तं बॅटरी हालवली तरी चमकते, अन् हे काही ठिपके चालून रायले होते. जवळ गेलो तं प्रत्येक ठिपक्याच्या मांगं एक कोळी. भुईवरचे, जाळं न करनारे. एक मोठी होती, तिच्या पाठीवर इतके चमकत होते का मोजता येत नव्हते. तिची पिल्लं! पाणी सोडलं का त्या सऱ्या सोडून धुऱ्यावर चढतात, पिल्लं पाठीवरच. म्या बारं मोडताना त्या धुऱ्यावर पाय द्याचं टाळलं, तेवढ्यात पाणी दुसऱ्याच्या वावरात गेलं अन् सकाळी त्याच्या शिव्या खाल्ल्या.

बॅटरी हातात धरली तं एवढं दिसत नाही बरं. डोयाच्या बरोबरीनं धराची.

कुटाराची खोली
शिव्या कोणाच्या, तुमच्या काकाजींच्याच ना? ते तर पाणी नाही गेलं तरी देतात

रात्रीचं ओलित
तूच सांग, तुह्यी बी वयख हाय त्याईच्याशी

निवृत्त मास्तर
लेकीनं ओळखलं ते बरोबर आहे. त्या जातीची मादी अंड्यांची पिशवी पोटाखाली धरूनच फिरते आणि पिल्लं निघेपर्यंत सोडत नाही. जाळं विणत नाही, पळत शिकार करते. तुमच्या आजीचा हिशेबही बरोबर, झुरळ हे तिचं आवडतं खाद्य. "रात्रीचं ओलित" यांनी पाहिला तो वेगळा. त्याची मादी आधी अंड्यांची गोळी मागे चिकटवून ओढत नेते आणि पिल्लं फुटली की ती पाठीवर चढतात. डोळ्यांच्या आत उजेड परतवणारा पडदा असतो, म्हणून ते चमकतात.

माझा अनुभव लहानपणचा, पुसद भागातला. आमच्या ओसरीत दत्ताची तसबीर होती. तिच्या मागे कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं. आजोबा ते काढू देत नसत. त्यांची माहूरची वारी असायची. ते सांगायचे, दत्तात्रेयानं चोवीस गुरू केले, त्यात कोळीही आहे आणि ही माशीही आहे. कोळी आपल्याच पोटातून धागा काढतो आणि परत गिळतो, तसा ईश्वर जग काढतो आणि परत आत घेतो. माशी कुठलासा किडा आणून मातीत कोंडते, तो तिचंच चिंतन करत करत तिचं रूप घेतो. आम्ही हात जोडून ऐकायचो.

मग एकदा सारवताना ते मातीचं घर निसटून पडलं आणि फुटलं. आतून कोळी सांडले. किडा नाही, अळी नाही, नुसते कोळी, हिरवे, पिवळे, राखाडी, एकावर एक ठासून भरलेले. मेलेले वाटले म्हणून काडीनं हलवले तर एकाचा पाय किंचित हलला. मी घाबरून आजोबांना बोलावलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यातले गुरू कोण अन् शिष्य कोण, तूच सांग आता."

पुढे बी.एस्सी.ला कळलं. माशी डंख मारून कोळ्याला लुळं करते, मारत नाही. मेला तर सडेल. एकेका खोलीत असे कोळी भरून त्यावर एक अंडं घालते आणि तोंड मातीनं बंद करते. अळी आतच तो शिधा खाऊन मोठी होते आणि माशी होऊन बाहेर पडते. आत किडा कोंडला आणि बाहेर माशी आली, एवढं बाहेरून बघणाऱ्याला दिसणारच. धागा गिळण्याचं म्हणाल तर ते अक्षरशः खरं आहे. चाकाच्या आकाराचं गोल जाळं करणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवं विणतात.

तिखट ठेचा
मास्तर, अंगावर काटा आला. जिवंत ठेवून खाते??

निवृत्त मास्तर
हो. फ्रीज नाही ना तिच्याकडे.

बोराटी
आमच्या शेताच्या रस्त्यावर बाभळी आहेत, त्यांवर मळकट जाळ्यांचे गुंते लटकतात. आम्ही लहानपणी त्यात नाकतोडा टाकायचो. टाकला की आतून एक नाही, दहा-पंधरा कोळी एकदम धावत यायचे आणि मिळून ओढून न्यायचे. भांडण नाही काही नाही. बाकी कोळी एकमेकांना खातात, हे मात्र सगळे एका घरात. ते गुंते वाऱ्या-पावसातही टिकायचे. बकऱ्यांच्या तोंडाला चिकटायचे म्हणून आमचे आबाजी काठीनं खाली पाडायचे, आठवड्यात परत तयार.

निवृत्त मास्तर
त्यांना सामाजिक कोळी म्हणतात. पिल्लं थोडी मोठी झाली की आईलाच खातात. आई तशी होऊच देते.

बोराटी
मास्तर, तुम्ही जेवायच्या वेळी लिहीत जाऊ नका

सावजी रस्सा
तेच तं म्हनून रायलो मघापासून

घाबरट नंबर एक
मी खूप घाबरते. मजेत नाही, खरंच. हातपाय गार पडतात, श्वास अडकतो. माहेर भंडाऱ्याकडचं, धानाचं घर, कोळी भरपूर, पण सवय झालीच नाही. सासरी सगळे हसायचे. जाऊबाई तर मुद्दाम खराट्यावर घेऊन मागे लागायच्या. यजमान मात्र काही बोलत नाहीत, स्टीलचा ग्लास उलटा ठेवतात, खालून जुनी लग्नपत्रिका सरकवतात आणि भिंतीपलीकडे सोडून येतात. आमच्या घरी लग्नपत्रिका फेकत नाही, जाड असलेल्या खास वेगळ्या ठेवतो.

निंबोणी
ताई, हसण्यासारखं काही नाही त्यात. ग्लास-पत्रिकेचं मी आजच करून बघते. काचेचा ग्लास नको, आतून बघत बसतो तो 😬

तिखट ठेचा
जाऊबाईले खराट्यानं उत्तर द्या लागत होतं

घाबरट नंबर एक
दिलं असतं, खराटा त्यांच्याकडे होता ना

पीएचसीवाली ताई
ड्यूटीवरून लिहितेय, घाईत. पावसाळ्यात आमच्याकडे रोज कोणीतरी येतं, "मकडी मुतली" म्हणून. मानेवर, गालावर लाल पट्टा, त्यावर फोड, आग. कोळी असं काही करत नाही हो. बहुतेक वेळा तो एक बारीक काळा-नारिंगी किडा असतो, लाइटवर येतो. मानेवर बसला की आपण झोपेत चिरडतो, त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजते, आणि फोड दुसऱ्या दिवशी येतात म्हणून कोणाला किडा आठवत नाही, छतावरचा कोळी दिसतो. असा किडा बसला तर फुंकून उडवा, चिरडू नका. चिरडलाच तर लगेच साबण-पाण्यानं धुवा.

आणि फोड अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं आले, आत ठणका असेल, तर ती नागीण असू शकते. तिचं औषध तीन दिवसांच्या आत सुरू केलं तर जास्त गुण येतो. मकडी समजून घरी लेप लावत आठवडा घालवलेले पेशंट बघते मी.

कुटाराची खोली
आमची मावशी छिंदवाड्याची, ती आमचूर कालवून लावते. आमचूर लावलं की बरं होतं म्हणे

पीएचसीवाली ताई
ते आपोआपही आठ-दहा दिवसांत बरं होतं, श्रेय आमचूर घेतं. उघड्या फोडावर आंबट लावून लेकराला रडवू नका.

बोराटी
ताई, अजून एक विचारतो. कापलं की आमची आजी भिंतीवरची कोळ्याची पांढरी पापडी काढून लावायची. रक्त थांबायचं खरंच. ते चालतं का?

पीएचसीवाली ताई
रक्त स्वच्छ कपड्यानं दाबून धरलं तरी थांबतं. भिंतीवरची धूळ जखमेत कशाला? धुवा, दाबा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते बघा. कोळ्याला घाबरण्यापेक्षा बूट झटकून घाला, सरपण हात घालण्याआधी काठीनं हलवा. विंचू आणि साप तिथं असतात. चला, पेशंट आले.

माउसमागचा
मी घरून काम करतो, बुलढाणा जिल्ह्यातलं गाव, रेंजसाठी टेबल खिडकीला लावलंय. तिथं एक छोटा उड्या मारणारा कोळी राहतो. स्क्रीनवर कर्सर हलवला की त्याच्यावर झेप घेतो. मीटिंगमध्ये मी गंभीर चेहऱ्यानं कर्सर फिरवत असतो, साहेबांना वाटतं नोट्स काढतोय. समोरचे दोन डोळे मोठे, बोट दाखवलं की वळून आपल्याकडेच बघतो. माश्या पकडतो, जाळं नाही, कचरा नाही. भाड्याचंही बोलणं नाही.

याच घराण्यातल्या एका कोळ्याला तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलंय, माहीत आहे का? 26/11 ला कसाबला धरून ठेवणारे आपले पोलीस. ठाणे-कल्याण भागात सापडलेली जात, 2021 मध्ये नाव ठेवलं, इसियस तुकारामी. त्याआधी 2019 मध्ये एकाला सचिन तेंडुलकरचंही दिलं होतं.

सावजी रस्सा
सचिनवाला शंभराव्या जाळ्यासाठी वर्षभर थांबते का

माउसमागचा
तो जाळंच विणत नाही भाऊ. थेट झेल.

अंजनगावचा
आपल्या दर्यापूरच्या कॉलेजात कोळ्यांची प्रयोगशाळा आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा मेळघाटात जाऊन बाटल्या भरून आणणाऱ्या पोरांना हसायचो. पावसाळ्यात एकदा त्यांच्याबरोबर सेमाडोहकडे गेलो. पायवाटेवर दोन झाडांच्या मधे जाळं, ऊन पडलं तर सोनेरी चमकणारं. मधे काळी-पिवळी मादी, पंजाएवढी, आणि तिच्या वरच्या बाजूला एक तांबूस ठिपका. मी म्हटलं, पिल्लू आहे. पोरं म्हणाली, नवरा आहे.

तिखट ठेचा
तरी त्याचाच रुबाब असन घरात

घाबरट नंबर एक
पंजाएवढी वाचून मोबाइल लांब धरला मी

कुटाराची खोली
माझा एकच प्रश्न. छताच्या कोपऱ्यात ते लांब काड्यांसारख्या पायाचे असतात, फडा लावला की जोरजोरात थरथरतात. ते घाबरून की घाबरवायला?

निवृत्त मास्तर
घाबरवायला. इतकं थरथरतात की नेमके कुठे आहेत तेच शत्रूला दिसत नाही. नीट बघा, एखादीनं तोंडात अंड्यांचा घोस धरलेला असेल. तो असेल तर फडा बाजूचा कोपरा झाडायला न्या. ती आठवड्या-दोन आठवड्यांत मोकळी होते.

कुटाराची खोली
आमच्या आत्याबाई दिवाळीच्या आधी थांबणार आहेत का दोन आठवडे. तुम्हीच येऊन सांगा त्यांना

रात्रीचं ओलित
मास्तर, एक सांगा. तुरीवर फवारनी केली का हे हिरवे कोळी बी मरतात ना? दोन वर्षांपासून आमच्या तुरीवर दिसतच नाहीत. पयले शेंड्यावर बसलेले राहत.

निवृत्त मास्तर
मरतात. औषध अळी आणि कोळी असा भेद करत नाही. आणि अळी लवकर परत येते, कोळी उशिरा. आधी पाहणी करा, किडीनं नुकसानीची पातळी गाठली तरच मारा. धुऱ्यावरचं गवत सगळं जाळू नका, ते तिथंच राहतात.

रात्रीचं ओलित
धुरा जाळनारे काकाजीच हायेत. सांगून पाहतो. लाइन आली वाटते, मोटर चालू करून येतो.

तिखट ठेचा
निंबोणीताई, आर्वीच्या म्हनता तं वर्ध्याले जानं होत असन. गोरसपाक आनाल का कोनी येनार असन तं? माह्या पोराले लय आवडते

निंबोणी
आणते की, पुढच्या आठवड्यात जाणं आहेच. तुम्ही कुठल्या?

तिखट ठेचा
तळेगावच्या अलीकडं. बस थांबते तिथं मामाजीले पाठवतो. पाटलाले सोडून येनार नाहीत म्हना ते

बोराटी
मास्तर, विषय वेगळा आहे, पण माहूरला भक्तनिवासात खोली मिळते का हो आता? आईला न्यायचं आहे.

निवृत्त मास्तर
पौर्णिमा आणि नवरात्र सोडून जा. सकाळी लवकर पोचलात तर मिळते. शिखरावर चढायला आईंना त्रास होत असेल तर गाडी वरपर्यंत जाते.