पेंचइतकंच दक्षिणेकडेही बघा

नागपूरजवळ आकाशगंगा कुठून दिसेल, या प्रश्नावर बहुतेकांनी पेंच सुचवलंय. बरोबरच आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो देशातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा नैसर्गिक अंधार जपणारी जागा, ठरला. पण पेंच शहराच्या उत्तरेला, त्यामुळे नागपूरचा उजेड तिथून दक्षिणेच्या क्षितिजावर येतो, आणि आकाशगंगेचा सगळ्यात ठळक भाग ज्यांच्यात दिसतो त्या वृश्चिक, धनू राशी तर तिकडेच!

म्हणून मी उमरेडच्या पुढे, भिवापूरकडे जाते. शहर पाठीमागे राहतं, दक्षिण मोकळी. मागच्या एप्रिलमध्ये अमावास्येला मैत्रिणीच्या शेतात धुऱ्यावर सतरंजी टाकली होती. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधलेला. मध्यरात्री नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ नुसत्या डोळ्यांनी दिसला, पुसट, कापसाच्या बोंडासारखा! आपल्याकडे तो जेमतेम एकवीस अंश वर येतो, त्यामुळे क्षितिजावर झाडं किंवा दिवे असले की गेलाच. पुण्या-मुंबईहून तर तो आणखी वर येतो, पण अंधार हवा ना.

जागा दिवसा बघून ठेवा, शेतमालकाला विचारा. जंगलाच्या रस्त्यावर रात्री गाडी थांबवू नका, तिकडे वाघ फिरतात. आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ मोबाईल खिशातच ठेवा.