सवलत माणसाची नव्हे, देशाची

गुडगावमध्ये २०१५ साली एका सौदी राजनयिकावर अत्याचाराचा आरोप झाला. राजनयिकांना अटक-खटल्यापासून सवलत असते, म्हणून अशा वेळी 'यजमान देशाचे हातच बांधलेले असतात' असं म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे ते. राजनयिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार ही सवलत त्या व्यक्तीची नसतेच, तिला पाठवणाऱ्या देशाची असते, आणि तो देश ती काढून घेऊ शकतो (कलम ३२).

जानेवारी १९९७ मध्ये वॉशिंग्टनला जॉर्जियाच्या वकिलातीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने दारूच्या नशेत भरधाव गाडी चालवून सोळा वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. अमेरिकेने मागणी लावून धरली, जॉर्जियाचे राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झे यांनी ही सवलत काढून घेतली आणि त्याला सात ते एकवीस वर्षांची शिक्षा झाली. जॉर्जिया तेव्हा अमेरिकेच्या मदतीवर तगून होता, हे अर्थातच विसरू नये. सौदीपुढे भारताची स्थिती नेमकी उलटी: तेल तिकडचं, लाखो भारतीयांच्या नोकऱ्याही तिकडेच.

गुडगावच्या प्रकरणात दोन नेपाळी महिलांनी अत्याचाराची तक्रार केली होती. आरोप नाकारत तो सौदी अधिकारी भारत सोडून गेला. त्याच कराराच्या कलम ३१ प्रमाणे त्याच्या मायदेशी खटला चालवायला काहीच आडकाठी नव्हती. नेपाळ आणि भारताने मिळून निदान ती मागणी तरी सतत लावून धरायला हवी होती.