मदत हवी आहे: निपाणी-चिकोडी भागात आपल्यासारख्या बाईशी मराठीत बोलता येईल का?

नमस्कार. निपाणीजवळच्या एका खेड्यात राहते. नाव लिहीत नाही, समजून घ्या.

सहा वर्षांपूर्वी नवरा गेला, त्याच वर्षी मला एचआयव्ही असल्याचं कळलं. मुलगी नऊ वर्षांची, तिची तपासणी निगेटिव्ह आली. औषधाची काही तक्रार नाही. रोज रात्री एक गोळी घेते, मागच्या खेपेला तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडलाच नाही.

पण मला बोलायला कुणी नाही.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांब, बेळगावच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, जाते. कर्नाटकातल्या शक्ती योजनेमुळं बायकांना बस फुकट आहे. येताना बाटलीत गोळ्या वाजतात, म्हणून वर कापसाचा बोळा कोंबते. कुणी विचारलंच तर बीपीच्या म्हणते.

घरात फक्त जाऊबाईंना माहीत आहे. वाईट बोलत नाहीत, पण माझं ताट-तांब्या वेगळा ठेवलाय. मी ब्लाऊज शिवते. सुई टोचून रक्ताचा ठिपका आला की हात थांबतो. गिऱ्हाइकाचं कापड बाजूला ठेवते, धुते, परत धुते. एवढं करावं लागतं का, हेसुद्धा आजवर कुणाला विचारलेलं नाही.

सेंटरमधल्या कौन्सेलर बाई मायेनं वागतात, पण भराभर कन्नड बोलतात आणि माझं कन्नड बाजारापुरतं. कोल्हापूरला बदलून घ्यावं का? पण कोगनोळीच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीत, तिकीट पडतं, शिवाय तिथं माहेरची माणसं आहेत.

एकदा तरी कुणाच्या तरी समोर बसून बोलायचंय.

खानापूरकर (उत्तर)

ताई, मला एचआयव्ही असल्याचं कळून चौदा वर्षं झाली. आधी कापडाचं सांगते. वाळलेल्या डागातून लागण होत नाही. बोटाला पट्टी लावा, डाग एकदा धुवा आणि शिवा. ताटातून, तांब्यातून तर कधीच होत नाही. घरातल्या वस्तू बरोबरीनं वापरायचा हक्क २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं दिलाय, तो २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. जाऊबाईंशी भांडायला नाही सांगत, तुमच्या मनाला ठाऊक असावं म्हणून सांगतेय.

गोळ्या दुसऱ्या डब्यात काढू नका, ओल लागते. कापूसही घरी आल्यावर काढून टाका, तो ओल धरतो.

आणि एक, जे मला कुणी बाईनंच सांगितलं: गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्या. आपल्याला त्या कॅन्सरचा धोका इतर बायकांपेक्षा सुमारे ६ पट. मी लाजत तीन वर्षं घालवली.

सेंटर बदलायचं तर बेळगावातूनच ट्रान्सफरचे कागद घ्या, मधे एकही गोळी चुकू देऊ नका. पण नुसतं बोलण्यासाठी बदलायची गरज नाही. पॉझिटिव्ह लोकांचे गट असतात, कौन्सेलरना विचारा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय त्यांना तुमचं नाव गटातल्या कुणाला सांगता येत नाही. १०९७ या एड्स हेल्पलाइनवरही विचारता येतं, फोन फुकट आहे.

धागाकर्ती

ताई, तुमचं वाचून मघाशीच शिवायला बसले. मंगळवारी माझी तारीख आहे. "माझ्यासारख्या दुसऱ्या बाईशी बोलायचंय" हे कन्नडात कसं म्हणू?

खानापूरकर

"नन्नंथ इन्नोब्ब हेंगसिन जोते माताडबेकु." सावकाश म्हणा, त्यांना कळेल. मंगळवारी मीही बेळगावात असेन, इथं निरोप टाका.